आतून की बाहेरून

तीर्थरूप मामा,

भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावल्यापासून तुम्ही तो दिवसातून चारदा चढता, असं मामी कळवते. (चढा, पण कठडा धरून चढा.) इकडे सगळे खुशाल आहेत. माझ्या उजव्या अंगठ्याला तेवढा फोड आलाय, आणि तो भूमितीमुळे आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या शब्दकोशातल्या भूमितीच्या व्याख्या तुम्ही लिहिल्यात आणि त्यांची मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आहे. (कचेरीत मला मागून ‘अनुस्वार’ म्हणतात. मला ऐकू येत नाही असा सगळ्यांचा समज आहे, तो मी मोडत नाही.) काल सकाळी शेवटचं मुद्रित वाचताना ‘अधिचक्रज’पाशी अडले. एका स्थिर वर्तुळाच्या आतून दुसरे वर्तुळ न घसरता फिरत गेले असता त्याच्या परिघावरील एक बिंदू जी वक्ररेषा काढतो ती. ठीक. पण हे कुठंतरी वाचलंय असं वाटलं, म्हणून मागची पानं उलटली, तर ‘अंतश्चक्रज’ची व्याख्याही हीच! काना-मात्रेसकट हीच. आता माणसांत जुळी भावंडं असतात हे मान्य, पण शब्दकोशात दोन शब्दांना एकच तोंड असेल तर त्यातला एक नक्की खोटं बोलतोय.

मी संपादकांकडे गेले. (त्यांना आम्ही ‘पूर्णविराम’ म्हणतो. ते बोलले की वाक्य संपतं, समोरच्याचंसुद्धा.) ते म्हणाले, “दोन्हीकडे गोलच फिरतोय ना? मग आत काय न् बाहेर काय! पान चार वाजता छपाईला जाईल.”

“जाणार नाही,” मी म्हणाले. हे कोण बोललं म्हणून मीच मागं वळून पाहिलं.

“मग फरक काढून दाखवा. चारच्या आत.”

दाखवते म्हटलं खरं, पण कशानं? माझ्या खणात भरतकामाचं लाकडी कडं होतं. (हो, मधल्या सुटीत भरतकाम करते. तुम्हाला वेळेचा अपव्यय वाटतो, ठाऊक आहे.) डब्याचं एक पत्र्याचं झाकण सापडलं. त्याच्या काठाला खाच पाडली, खाचेत पेन्सिल अडकवली आणि कड्याच्या आतून झाकण फिरवायला लागले. व्याख्येतल्या ‘न घसरता’ या दोन शब्दांचा अर्थ मला इतकी वर्षं कळलाच नव्हता, मामा! झाकण सारखं घसरे. शेवटी बांधणी विभागातल्या काकांनी कड्याला आतून रबराची पट्टी डकवून दिली आणि मग ते गुमान फिरलं. तोवर अर्धी कचेरी भोवती जमली होती. पूर्ण फेरी झाली. कडं उचललं. खाली एक रेघ होती. सरळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वहीचा समास आखावा तशी.

हसण्याचा असा लोट उठला की बाहेरून टपालवाला डोकावला. काका म्हणाले, “बाई, हे काम फूटपट्टीनं दोन सेकंदांत झालं असतं.” पूर्णविराम म्हणाले, “झालं समाधान?” माझे कान तापले. डोळ्यांत पाणीही आलं, पण ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं निस्तरलं. झाकण मोजलं, तर बरोबर कड्याच्या निम्मं, आणि निम्म्या मापाचं वर्तुळ आतून फिरलं की रेघ सरळच निघते. म्हणजे दोष माझा नव्हता, मापाचा होता! साडेतीन वाजले होते. डिंकाच्या बाटलीचं बूच घेतलं, कड्याच्या पावपट. आतून फिरवलं, तर चार अणकुचीदार टोकांची चांदणी. पट्टी उलटी करून कड्याला बाहेरून लावली आणि तेच बूच बाहेरून फिरवलं, तर चार गुबगुबीत पाकळ्यांचं फूल. याच फेरीत फोड आला. दोन्ही कागद मी पूर्णविरामांपुढे ठेवले. “आत टोकं, बाहेर पाकळ्या,” म्हटलं, “‘अधिचक्रज’ला ‘बाहेरून’ हवं.”

त्यांनी टोकं आणि पाकळ्या बोटानं मोजल्या. मग म्हणाले, “पान सोमवारपर्यंत थांबवा.” काकांनी टाळी वाजवली. एकच, पण जोरात.

मामीला नमस्कार. औषध वेळेवर घ्या.

तुमची भाची

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे टाळली. पूर्णविरामांनी नंतर विचारलं, “मग चूक कोणाची?” आणि मी विजयाच्या भरात सगळ्यांदेखत तुमचं नाव घेतलं. वर “वयोमानानं व्हायचंच” असंही म्हणाले.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी कपाटातून तुमचं हस्तलिखित काढलं. ‘बाहेरून’ स्वच्छ लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. मग पहिलं मुद्रित काढलं. तिथं ‘आतून’ छापलंय आणि कोपऱ्यात ‘तपासले’ म्हणून माझी सही आहे. त्या आठवड्यात मला ताप नव्हता, पडसंही नव्हतं.

ता. क. ३. सोमवारी दहाला सगळे जमले की मी उभी राहून हे सांगणार आहे. अनुस्वार राहील की जाईल ते मग बघू. पण पूर्णविराम तुम्हाला फोन लावायच्या तयारीत आहेत आणि तुम्ही भाचीला वाचवायला चूक स्वतःवर ओढून घ्याल, हे मी लहानपणापासून ओळखते. म्हणून एवढ्यासाठीच हे पत्र: सोमवारी साडेदहापर्यंत फोन उचलू नका.