शिवू नका, असं मीच सांगितलं

पौष शु. ३, शके १८३३
आई पुन्हा पडली. पंधरवड्यात तिसऱ्यांदा. डाव्या पायात जीव नाही, तरी देवापर्यंत सरपटत जायचंच. मी समोर उभं राहून दोन्ही हात धरून ओढलं. तिच्या खांद्यात काहीतरी कट् वाजलं. घाबरून सोडलं, तर पुन्हा आपटली. एवढा घोडा झालो, आईला उठवता येत नाही. घरात आम्ही दोघंच. सौ. जाऊन चार वर्षं झाली.

पौष शु. ४
हुसेनभाईंनी परसातून हाक मारली. शेजारी. सगळा जन्म सरकारी पागेत घोड्यांमागे गेला, आता घरी असतात. काल आईचं ओरडणं ऐकलं म्हणे. आई सोवळ्यातली, तिला त्यांचा हात चालणार नाही, हे त्यांना ठाऊक. म्हणून स्वतःच अंगणात आडवे झाले. पासष्टीचा माणूस, धुळीत.
"वढून जनावरबी उठत न्हाय मास्तर. आदी कुशीवर घ्या. गुडघं पोटाखाली येऊ द्यात. म्होरं टेकायला कायतरी द्या. उठायचं त्येंनीच, आपुन मागनं कमरंला आधार."
माझ्याकडून तीनदा स्वतःला उठवून घेतलं. मी वर्गात इतकं नीट कधी कुणाला शिकवलेलं नाही.

पौष शु. ७
न्हाणीपाशी पडली. कूस, गुडघे, पुढ्यात चौरंग. उठली. मलाच रडू आलं.
कुठं शिकलास, म्हणाली. सांगितलं. मग तिने पदर सारखा केला.
"त्याला घरात घेऊ नकोस हो. तो शिवला तर मी पाण्यालाही तोंड लावायची नाही."
वाद घालायला हवा होता. त्याऐवजी संध्याकाळी हुसेनभाईंकडे गेलो. मी शाळेत असताना पडली तरी शिवू नका, म्हटलं. बरं म्हणाले. सांगताना लाज वाटली. तरी सांगितलंच.

पौष शु. ११
पुत्रदा एकादशी. असला पुत्र.
आज परीक्षा घ्यायला खेड्यावरच्या शाळेत गेलो होतो. पाचाला परतलो. हुसेनभाई आमच्या उंबऱ्याबाहेर बसलेले. आई आत जमिनीवर. मी गेल्यावर घटकाभरातच पडली होती. दिवसभर तशीच. उपास, त्यात ही थंडी, लुगडं भिजलेलं. ते माझ्या शाळेपर्यंत जाऊन आले, मी तिथे नव्हतो. समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप. मग बाहेर बसून तिच्याशी बोलत राहिले. दारातूनच काठीने चौरंग तिच्याजवळ सरकवला होता. तिला कुशीवरच वळता आलं नाही.
मी उठवली. लुगडं बदलून अंथरुणावर नेली.
हुसेनभाई जाताना म्हणाले, "उचाललं असतं मी. पर तुमी सांगून गेलतासा न्हवं."
चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पौष शु. १२
ताप. छातीत कफ. वैद्य काढा देऊन गेले. रजा काढली.
काल हुसेनभाई काय बोलत होते, आईला विचारलं.
"एक घोडी होती म्हणे. पडली ती उठलीच नाही. हा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला शिवता तरी येत होतं त्याला."
मी लगेच विचारलं, पुन्हा पडलीस तर त्यांना उचलू देशील ना. देवांकडे बघत राहिली.

पौष शु. १४
ताप उतरला. दोन घास भात. अंगात काही उरलेलं नाही. आज कुशीवर घ्यायलाही मीच लागलो. पुन्हा विचारलं. तिने पांघरूण डोक्यावर ओढलं. ही पडणार, मी नसताना पडणार, हे दिसतंय मला. 'हो' म्हणाली नाही म्हणून तिचा राग यावा, की 'नाही' म्हणाली नाही म्हणून बरं वाटावं.

पौष व. १
रजा संपली. सकाळी जेवायला वाढताना शेवटचं विचारलं. तिने तोंड भिंतीकडे केलं.
चौरंग अंथरुणाजवळ ठेवला. दाराला कडी घातली नाही. खिडकीतून हुसेनभाई दिसतायत, त्यांच्या पायरीवर, काठी आडवी ठेवून. शाळेची वेळ झाली. त्यांच्या समोरूनच जायचं. ते विचारतील, आज काय सांगून जाताय मास्तर.
पागोटं घालून बसलोय. काय सांगायचं ते अजून ठरत नाही.