साधनाच्या उजव्या हाताविषयी

मी, कुमुदिनी नत्थुजी गावंडे, राहणार कॅम्प, अमरावती, दूरध्वनी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने करीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. सीमा इंगोले यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणे किती जिकिरीचे आहे ते खात्यातील माझे साहेब सांगतील. जे हयात आहेत त्यांना विचारावे.

हृदय मात्र शाबूत नाही, आणि शस्त्रक्रिया मला झेपणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. हातांना कंप असल्यामुळे मजकूर सांगून टंकलिखित करून घेतला आहे. सही वेडीवाकडी असेल, पण माझीच असेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दुसरे काढून दाखवल्यास ते खोटे समजावे व दाखवणाऱ्याचे तोंड नीट पाहून ठेवावे.

१. कॅम्पातील माझे राहते घर माझी धाकटी बहीण श्रीमती साधना वानखडे हिने तिच्या हयातीपर्यंत वापरावे. ते विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार तोवर कोणालाही नाही. तिच्यानंतर ते तिचा मुलगा अमोल याचे होईल.

या कलमात मला आणखी एक अट घालायची होती: साधनाच्या उजव्या अंगाला रोज मालिश झाली तरच अमोलला घर मिळावे. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मॅडम, घर देता येते, दागिने देता येतात. कोणाचे हात कसे लिहून देणार?” मी म्हटले, मग कायदा कशासाठी आहे. ते म्हणाले, मिळकतीसाठी. मी त्यांची फी दिली आणि अट काढून टाकली. आयुष्यात इतक्या सहज मी कोणासमोर माघार घेतलेली नाही.

२. माझ्यामागे साधनाला सांभाळणाऱ्याला सर्व ठाऊक असावे म्हणून हे येथे लिहीत आहे. कायद्याच्या दृष्टीने हे अनावश्यक आहे, असे वकीलसाहेबांचे मत आहे. त्यांच्या बहिणीला लकवा झालेला नाही.

साधनाला अकोल्यात, तिच्या राहत्या घरी, झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. दवाखान्यातून सुटल्यावर मी तिला इथे माझ्या घरी आणले. आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटात शिकलो. तेथे मराठी बोलले की हाताच्या पंज्यावर पट्टी बसे, आणि वऱ्हाडी बोलले की दोन बसत. साधनाचे इंग्रजी माझ्याहून चांगले होते. ते सगळे इंग्रजी गेले, शुद्ध मराठी गेली, आणि बार्शीटाकळीच्या घरातला, शाळेत जाण्याच्या आधीचा, एकच शब्द तिच्या तोंडात उरला: लागते.

डावा हात, डावा पाय, डोळे, हसू, राग, सगळे जागेवर आहे. बोलायला मात्र एवढाच शब्द आहे.

३. माझा सगळा तंटा या शब्दाशी आहे. उजव्या हाताची मूठ उघडून मी तळव्याला कोमट तिळाचे तेल चोळायला घेतले की साधना म्हणते, “लागते.” पुण्याच्या बोलण्यात घोळ झाला नसता: दुखले तर “लागतं”, आणि मालिश हवी असेल तर “मालिश लागते”. आमच्या वऱ्हाडीत ते लिंगाचे लाड नाहीत. चहा लागते, पाणी लागते, औषध लागते, दगड लागते. दुखले तरी लागते आणि हवे असले तरी लागते.

अमोलची पत्नी आकांक्षा पुण्याची. तिने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा सासूला काहीतरी हवे आहे असे समजून तिने पाणी आणले, शाल आणली, उशी बदलली, शेवटी बेडपॅन आणले. प्रत्येक वेळी साधना म्हणाली, लागते. सून रडकुंडीला आली. शेवटी तिने माझ्याकडे बोट दाखवून साधनाला विचारले, ह्या तुमच्या कोण लागतात, ते तरी सांगा. साधना म्हणाली, लागते. त्या दिवशी आम्ही तिघीही हसलो. साधना तर इतकी हसली की तिला ठसका लागला.

अमोल मात्र अकोल्यात वाढलेला. त्याच्या कानांना हा शब्द दुखण्याचाच ऐकू येतो. तो आला आणि त्याने मला आईचा हात चोळताना पाहिले, तेव्हा दारातूनच म्हणाला, “मावशी, आईले लागून राहिलं. ते बिचारी सांगून राहिली, अन् तू काऊन ऐकत नाहीस?”

मी त्याला सांगितले की मी आयुष्यभर फोनवर अर्धवट तुटलेले आवाज ऐकून लोकांना जोडून दिले आहे, मला ऐकणे शिकवू नकोस. तो म्हणाला, तेव्हा दोन्हीकडून माणसं बोलत होती.

मी तेल पुन्हा कोमट करायला उठले.

४. डॉ. इंगोले यांचे मत तिसरेच. अशा रुग्णांना कधी कधी एखादाच शब्द उरतो, त्याचा काही अर्थ असेलच असे नाही, असे त्या म्हणाल्या. मी त्यांच्यावर रागावले. त्यांनी ऐकून घेतले. त्या चांगल्या डॉक्टर आहेत, एवढीच तक्रार आहे.

५. अकोल्याचे श्री. खुशालराव वानखडे, म्हणजे साधनाचे दीर, यांना माझ्या स्वयंपाकघरातील वरच्या फळीवरची काळ्या तेलाची अर्धी बाटली द्यावी. ती त्यांचीच आहे. लकवा हमखास बरा करतो म्हणून त्यांनी पातूरकडचा एक मालिशवाला आणला. त्या गृहस्थाने साधनाचा लुळा हात धरून असा ओढला की खांद्याचा सांधा खाली उतरला. साधना तेव्हाही लागते म्हणाली, आणि त्या वेळी अर्थ कोणालाही विचारावा लागला नाही. खुशालराव म्हणाले, नस मोकळी झाली, आता पाहा. आम्ही पाहत आहोत. उरलेले तेल त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांना लावावे आणि माझी आठवण ठेवावी.

६. मालिशचे टेबल, वाळूच्या पिशव्या, रबरी चेंडू आणि मनगटाची पट्टी हे सर्व कुमारी अमरीन शेख, फिजिओथेरपिस्ट, हिला द्यावे. तिचे वडील अब्दुल गफ्फार यांचे बाळापूरला कापडाचे दुकान आहे. मुलीने बी. एड. करावे असे त्यांना वाटत होते. तिने केले नाही, हे आमचे नशीब. तिला हे सामान देत असल्यामुळे ती या कागदावर साक्षीदार होऊ शकत नाही. तिने वाईट वाटून घेऊ नये.

अमरीनने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, “मॅडम, मालिशनं ताकद परत येत नाही. हे मी आत्ताच सांगते, नाहीतर तुम्ही रोज माझ्या तोंडाकडे बघाल.” तरीही मी रोज तिच्या तोंडाकडे बघितले. मालिशने होते ते असे: आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात, मग हातपाय हलवण्याचा व्यायाम सोपा जातो. दुखणे कमी होते, कधी झोप लागते. पोटावरून हलका हात फिरवला तर पोट साफ व्हायला मदत होते. मेंदूत जे गेले ते परत येत नाही. तिने मला हे निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगितले आणि मी दर वेळी नवीन ऐकल्यासारखे केले.

७. साधनाला हात लावणाऱ्याने पाळावयाचे नियम. हे अमरीनचे आहेत, भाषा माझी आहे.

पोटरी एकाएकी सुजली, गरम किंवा लाल झाली, तर तिला चोळायचे नाही. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. थेट डॉक्टरांकडे जावे. असे एकदा झाले होते आणि शेजारच्या कौशल्याबाई तेल घेऊन पदर खोचून उभ्या होत्या. अमरीनने त्यांना अक्षरशः खांद्याला धरून बाहेर नेले. कौशल्याबाई अजून तिच्याशी बोलत नाहीत.

माकडहाडाजवळ किंवा टाचेवर कातडी लाल दिसली तर तेथे रगडू नये. कूस बदलावी. उजवा हात कधीही ओढू नये, खांद्याला खालून आधार देऊन उचलावा. तेल लावण्याआधी ते स्वतःच्या मनगटावर लावून पाहावे, कारण उजव्या बाजूला तिला गरम नीट कळत नाही. तिच्यासमोर तिच्याविषयी ती नसल्यासारखे बोलू नये. हा शेवटचा नियम अमरीनचा नाही.

८. मध्यंतरी अमोलने आईला अकोल्याला परत नेले होते. तिला छळत आहे असा माझ्यावर सरळ आरोप नव्हता, पण त्याने गाडीत तिला बसवताना माझ्याकडे पाहिले नाही. तेथे एक बाई ठेवली होती. तिला सक्त सूचना होती की पेशंट लागते म्हणाली की हात काढून घ्यायचा. बाई आज्ञाधारक होती. साधना परत आली तेव्हा मूठ इतकी आवळलेली होती की नखे तळव्यात रुतली होती. मूठ उघडायला अमरीनला फार वेळ लागला, आणि आतून वास आला.

मला तेव्हा अमोलला पुष्कळ बोलायचे होते. मी वाक्येही तयार ठेवली होती, त्यातली दोन इंग्रजीत होती. पण तो आईच्या तळव्याकडे बघत भिंतीला टेकून उभा होता, आणि म्हणाला, “मले वाटलं, तिचं ऐकून राहिलो.” ती वाक्ये माझ्याकडे तशीच पडून आहेत. ती कोणालाही देत नाही.

मी जिंकले असे कोणी समजू नये. त्यानंतर मी साधनाचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारले, दुखते का? लागते. हवे आहे का? लागते. थांबू का? लागते. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

९. बँकेतील ठेवी साधनाच्या औषधोपचारासाठी आणि अमरीनच्या, किंवा तिच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या, भेटींसाठी वापराव्यात. हे काम श्री. किशोर खराबे, माझे शेजारी, यांच्याकडे व्यवस्थापक म्हणून सोपवते. त्यांना माझा स्वभाव आवडत नाही, त्यामुळे ते हिशेब चोख ठेवतील. उरेल ते अमोलचे.

माझे इंग्रजी शब्दकोश आकांक्षाला द्यावेत. तिने विकले तरी चालेल.

१०. माझे अंगठे आता तेलाची वाटीही नीट धरत नाहीत. मी साधनाच्या हातावर हात ठेवते तेव्हा कोणाचा हात थरथरतो आहे हे आम्हा दोघींना कळत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात अमोलला बोलावून घेतले. भांडायला नाही, हे त्याला फोनवरच सांगावे लागले.

अमरीनने त्याला दाखवले: आधी खांद्याला आधार, मग बोटांच्या टोकांकडून वर, सावकाश, तळवा शेवटी. मोठा माणूस, स्वतःच्या आईच्या हाताला असा घाबरत होता जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मी खुर्चीत बसून तोंड बंद ठेवले. ते किती अवघड गेले हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

त्याने एकेक बोट सोडवले. तळवा उघडला. अंगठा मधोमध ठेवून गोल फिरवू लागला. मी शब्दाची वाट पाहत होते, तोही पाहत होता, अमरीनसुद्धा. साधना छताकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेले. पण ती काही म्हणाली नाही. संपूर्ण मालिश होईपर्यंत एकदाही नाही.

अमोलने हात न काढता माझ्याकडे पाहिले. “मावशी, आता काय समजू?”

मी अमरीनकडे पाहिले. तिने मान हलवली, म्हणजे तिलाही माहीत नव्हते.

म्हणून अमोल विनायक वानखडे यास, मिळकतीव्यतिरिक्त, एवढेच लिहून ठेवते: मला कळले नाही. तुलाही कदाचित कळणार नाही. तिने हात ओढून घेतला तर थांब, नाही ओढला तर चालू ठेव, आणि उद्या पुन्हा विचार.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो बरोबर असल्याचे कबूल केले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत सही केली. साधना शेजारच्या खोलीत झोपलेली होती.

ठिकाण: कॅम्प, अमरावती
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) कुमुदिनी नत्थुजी गावंडे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. सीमा इंगोले, अमरावती
२. (सही) किशोर खराबे, शेजारी, कॅम्प, अमरावती