पेरूच्या खोडावरची तार

प्रिय दादा,

आपला पेरू आज सकाळी आडवा झाला. वारा नाही, पाऊस नाही. बाबा नुसते खोडाला हात टेकून उभे राहिले आणि झाड मुळासकट कलंडलं. बाबा सुखरूप आहेत.

अरे, मागच्या मोसमात त्याला कधी नव्हे एवढे मोठे, गोड पेरू आले होते! मी शेजारीपाजारी मिरवत वाटले. आज खोड नीट पाहिलं. तू रोप आणलंस तेव्हा त्याच्या नावाची पट्टी मी तारेने बांधली होती, आठवतं? ती सोडायची राहूनच गेली. तार सालीत पार रुतली होती. तारेच्या वर खोड गळू आल्यासारखं फुगलेलं, तारेखाली बारीक.

वीस वर्षं मी कॉलेजात हेच शिकवतेय. पानं साखर बनवतात, ती सालीतून मुळांपर्यंत उतरते. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतं. म्हणून साल आवळली तरी पानं बरेच दिवस हिरवी राहतात, फळं उलट जास्त गोड होतात आणि मुळं उपाशी मरतात. मी प्रयोगशाळेतलं आयोडीन आणून मुळाच्या चकतीवर टाकलं. आत साठवलेलं पिष्ट असतं तर ती निळीकाळी झाली असती. रंग बदललाच नाही. तू ठेवलेल्या नावाची ही मास्तरीणबाई, आणि दिव्याखाली अंधार तो हा असा!

बाबा पायरीवर बसून बघत होते. किती वाळलेत ते, मला आजच दिसलं. रोज पोस्टमन दारावरून पुढे गेला की अर्धं ताट टाकून उठतात. वय झालंय, एवढंच मी तुला लिहीत आले.

दादा, खरं सांगते. तुझ्या आणि बाबांच्या भांडणानंतर आलेलं तुझं पहिलं पत्र वाचून ते दोन दिवस जेवले नव्हते. मी घाबरले. पुढची सगळी पत्रं मी कॉलेजला जाताना पोस्टातूनच परस्पर घेतली आणि माझ्या कपाटात ठेवली. त्यांना सांगितलं, त्याचं काही आलं नाही. तुला लिहिलं, त्यांचा राग गेलेला नाही. त्यांच्या भल्यासाठीच करतेय असं वाटत होतं रे. अकरा पत्रं आहेत, एकही फोडलेलं नाही. हे पत्र टाकून आले की ती त्यांच्या हातात देणार आहे. मला काय बोलायचं ते बोलोत. पण फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि नुसत्या पत्रांवर आता भागेल असं मला वाटत नाही. माझ्याशी हवं तर बोलू नकोस, पण ये.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
मास्तरीणबाई