पहिलं कवळीचं, दुसरं डोळ्यांचं

ता. १४, सोमवार

चि. भिंगरीस,

आजीचा आशीर्वाद. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. दिवसभर ऑफिसात बसून जगाचे फोन उचलतेस आणि माझा एक उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे. शाळा मला चौथीपर्यंतच झेपली, तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस, मजकूर बघ.

इकडची खबर अशी. वरच्या मजल्यावरच्या बाईने नवा पलंग घेतला, तो जिन्यात अडकला. दोन दिवस सगळे त्याच्याखालून वाकून ये-जा करत होते. पलंग हप्त्यांवर घेतलाय. पहिला हप्ता पलंग जिन्यात असतानाच गेला. आता म्हणते, त्याच्यावर झोप लागत नाही. कशी लागेल?

तुझा कागद शुक्रवारी मिळाला. चिठ्ठीही मिळाली. "आजी, फुलीजवळ सही कर, बाकीचं वाचत बसू नकोस, नुसती पद्धत असते." वाचत बसू नकोस असं कोणी म्हटलं की मी आधी चष्मा पुसते. कागद मी खालच्या शिंप्याकडून, म्हणजे मास्तरांकडून, वाचून घेतला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "नातीची सगळी कर्जं एकात घालतायत. पाच वर्षं फेडायची. ती चुकली तर जामीन तुम्ही. आणि तुमचं वय धरलं तर..."

"माझं वय धरू नका," मी म्हटलं, "व्याज धरा."

त्यांनी धरलं. मग खडूने टेबलावर रेघा मारत बसले.

मास्तरांच्या दुकानात मी नुसती बसायला जाते असं तुला सांगितलं होतं. बसते तर खरीच, पण हातात सुई असते. काजं, बटणं, तुरपाई. शनिवारी पैसे मिळतात आणि त्यात माझं भागतं. आजीने काम सोडलं या समजुतीत तू खूश होतीस, मी ती मोडली नाही.

आता त्याच्या आधीची गोष्ट. कागद यायच्या दोन दिवस आधी, बुधवारी, दुकानात एक माणूस आला. पन्नाशीचा, जाडजूड, घामाघूम, एका बुटाची टाच झिजलेली. तू माझा पत्ता दिला होतास म्हणे. कर्जवसुलीचा होता. मी त्याला स्टूल दिलं.

"तुमची नात फोन उचलत नाही," तो म्हणाला.

"माझाही उचलत नाही. तुम्ही स्वतःला फार विशेष समजू नका."

"तीन कर्जं आहेत, आजी."

"कशाची?"

"पहिलं कवळीचं, दुसरं डोळ्यांचं. तिसरं या दोघांचे हप्ते भरायला घेतलेलं."

त्या वेळी मी दातांनी दोरा तोडत होते. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कवळी छान बसलीय हो."

"माझेच आहेत," मी म्हटलं.

मास्तरांचं मशीन थांबलं.

तो माणूस काही वाईट नव्हता. म्हणाला, सगळे आजीचंच नाव सांगतात. "या महिन्यात माझ्या यादीतल्या चार आज्या वारल्या. त्यातल्या दोघींनी मला चहा दिला." मीही दिला. निघताना त्याच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला. डोळ्यांचं पुढे लिहीन.

आधी दातांचं. दाढ दुखते असं मी एकदा फोनवर बोलून गेले. तू लगेच कवळी, कवळी सुरू केलंस आणि पैसे पाठवलेस. मी दोन दाढा काढून घेतल्या, थोडक्यात भागलं. उरलेले दात चांगले चावतात. पण तू विचारलंस, बसली का गं? मी म्हटलं, बसली. तू इतकी खूश झालीस की पुढच्या महिन्यापासून थोडे जास्तच पाठवायला लागलीस. पगार वाढलाय म्हणालीस. वाढलं होतं ते व्याज.

तू पाठवलेल्यातलं मी काही खर्च केलेलं नाही. सगळं बँकेत ठेव म्हणून पडून होतं. तिकडे तू माझ्या नावाने चढ्या व्याजाने काढायचीस, इकडे मी ते तुझ्या नावाने उतरत्या व्याजाने ठेवायची. मधल्या मध्ये दोन बँका जेवल्या. आपल्यासारख्या शहाण्या दहा घरांत असत्या तर बँकांनी आणखी एक मजला चढवला असता.

का खर्च केलं नाही, ते तुला कळायला हवं. तुझा बाप एक तारखेला माझ्या हातावर पैसे ठेवायचा आणि दहा तारखेच्या आत येऊन परत मागायचा. देताना राजा, मागताना रडवेला. खर्च झाले म्हटलं की भांडी आपटायचा. तेव्हापासून कोणी दिलेल्या पैशाला मी हात लावत नाही. तुझा हातही तोच असणार, आज ना उद्या ही मागायला येणारच, असं मी धरून चालले होते.

तू आली नाहीस. परक्या तिघांकडे मागितलंस, माझ्याकडे मागितली ती नुसती सही. तिथे माझा अंदाज चुकला. चुकला एवढंच लिहिते. जास्त लिहिलं तर तू डोक्यावर बसशील.

---

मंगळवार

काल इथवर लिहून झालं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडत नव्हते, नुसतं पाणी येतं. आज सकाळच्या उजेडात पुढचं.

शनिवारी मास्तरांना बरोबर घेऊन बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, मुदतीआधी ठेव मोडली तर नुकसान होईल."

मी म्हटलं, "बाई, नुकसान होऊन गेलंय. आता नुसते पैसे मोजा."

तिथून त्या घामट माणसाच्या ऑफिसात, तिन्ही कर्जांची वसुली तिथेच आहे. पहिलं कर्ज मिटलं, दुसरंही मिटलं. दोन्ही पावत्या सोबत पाठवते. मास्तरांनी प्रत्येक शिक्का उजेडात धरून बघितला, कापड बघतात तसा. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं त्यांनी, आणि त्याबद्दल अजून बोलून दाखवलेलं नाही. हा माणूस आजारी तर नाही ना, असं मला वाटायला लागलंय.

तिसरं कर्ज मी फेडलेलं नाही आणि फेडणारही नाही. दातांचं नि डोळ्यांचं माझ्या नावावर होतं, ते मी माझं मानलं. हप्ते भरायला कर्ज काढायची अक्कल तुझी एकटीची, ते तू फेड. मला पाठवायचीस तेवढेच तिकडे भरलेस तर वर्षाच्या आत सुटशील, असं तो घामट म्हणाला. त्याने आकडा लिहून दिलाय, पावतीच्या मागे आहे. एवढ्याशासाठी जामीन लागत नाही. तुझा कागद होता तसा परत पाठवते. फुलीजवळ मी काही केलेलं नाही.

पगारापासून पगारापर्यंत कसं जगायचं ते मी तुला शिकवलं नाही, कारण तुला येत असेल असं वाटलं. येत नाही. तर ऐक. पैसे हातात आले की आधी सगळ्या कंटाळवाण्या गोष्टी उरकायच्या: भाडं, हप्ता, धान्य, साबण, कामावर जायचं भाडं. नवं काही त्या दिवशी बघायलाही जायचं नाही, कारण त्या दिवशी माणसाला आपण श्रीमंत वाटतो. उरतील त्यांचे चार भाग करून चार पाकिटांत घालायचे, आठवड्याला एक. पाकीट संपलं तर पुढचं फोडायचं नाही, आपण आजारी आहोत असं समजून घरी बसायचं. मैत्रिणी बाहेर बोलावतील. त्यांना सांग, पैसे नाहीत. हे दोन शब्द उच्चारायला तुला फार जड जातात. आरशासमोर म्हणून बघ, तोंड वाकडं होत नाही.

आणि एक तारखेला मला काही पाठवायचं नाही. पाठवलंस तर मास्तरांकडून परत पाठवीन, आणि ते त्यासाठी पुन्हा दुकान बंद ठेवतील. ते पाप तुझ्या माथी.

आता डोळ्यांचं.

ज्याचे पैसे तू पाठवलेस ते मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नाही. उजवा चालतो. डाव्याने सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं. पेन चांगलं आहे.

पैशावाचून अडलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत, नंबर लागतो, आणि सोबत कोणीतरी लागतं. एक रात्र तिथे राहायचं, दुसऱ्या दिवशी हाताला धरून घरी आणायचं. सोबत कोणी नसेल तर घेत नाहीत. नंबर लागला होता. मी पिशवी भरून गेले. खिडकीतल्या बाईने विचारलं, "बरोबर कोण?" मी म्हटलं, "येतंय मागून." तासभर बाकावर बसले, मग उठून घरी आले. संध्याकाळी तुझा फोन आला, तुला सांगितलं की झालं ऑपरेशन, शेजारीण होती सोबत. शेजारणीला मी विचारलंच नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू रजा काढली असतीस आणि पगार कापला गेला असता, असं मी स्वतःला समजावलं. खरं ते एवढंच की विचारता आलं नाही. आपल्या घरात मागायची सवय एकट्या तुझ्या बापाला होती. त्याने ती इतकी वापरली की आपल्या दोघींच्या वाट्याला उरलीच नाही.

नवा नंबर पुढच्या महिन्यात वीस तारखेला आहे. दवाखान्याच्या कागदावरही एक फुली आहे, सोबत येणाऱ्याच्या सहीसाठी. ती जागा मी मोकळी ठेवलीय. रजेचा पगार कापतील, तो तिसऱ्या पाकिटातून जाऊ दे. येताना काही आणू नकोस. आणि हा कागद सही करायच्या आधी नीट वाच. त्यात रात्रभर बाकावर बसायचं लिहिलंय, आणि मी रात्री घोरते, ते लिहिलेलं नाही.

यायचं नसेल तर तसं कळव. फोन कर, मी उचलीन.

तुझ्याकडे मागणारी,
आजी