एका हाकेला दोघी

बसरा
रविवार, २८ एप्रिल

प्रिय सहामताईस,

रगदचा सलाम. काझिमभाऊजींनाही सलाम, जवादला पापे. तुम्ही सगळे बरे असाल. नसलात तरी तू सांगणार नाहीस, म्हणून विचारत नाही.

टॅक्सीवाल्या अबू सलमाननं तुझा डबा पोचवला. साय वाटेत थोडी आंबली होती, तरी खोलीतल्या पोरींनी बोटं चाटूनपुसून डबा साफ केला. खजुराची काकवी मात्र मी कपाटात लपवलीय. परवा कॉलेजात जनावरं तपासायच्या प्रयोगाला म्हैस आणली होती. शहरातली पोरं चार हात लांब उभी. मी सरळ जाऊन तिच्या पोटावर हात ठेवला, तर सर म्हणाले, "ही कुठली गं?" म्हटलं, "अमाराच्या दलदलीकडची, सर. आमच्याकडे आधी म्हशी, मग माणसं." सगळा वर्ग हसला. बाबा असते तर तेही मिशीत हसले असते.

तुला वाटेल, रोज फोन होतो तर पत्र कशाला. फोनवर तू लगेच "घे, आईशी बोल" म्हणून जवादच्या कानाला फोन लावतेस. तो पळून जातो. मग त्यानं आज किती खाल्लं, कुणाला चावला, ते तूच सांगत बसतेस. ऐकताना बरं वाटतं. फोन ठेवल्यावर वाटत नाही.

वसतिगृहात पोरी चांगल्या आहेत गं. साखरपुडे, कपडे, कोण कुणाकडे बघतो, यावर तासन्‌तास बोलतात, आणि मी आत आले की गप्प होतात. मुहन्नदला जाऊन दोन वर्षं झाली, तरी विधवेसमोर हसावं की नाही हे त्यांना कळत नाही. आई म्हणून तर मला कुणी ओळखतच नाही. जवादला पाच महिन्यांचा तुझ्याकडे सोडून आले ते पहिले दिवस तुला कधी सांगितले नाहीत. वर्गात बसल्याबसल्या दूध यायचं. अबायाच्या आत फडकं कोंबून मी हाडांची नावं लिहून घ्यायचे. महिन्याभरात दूध आटलं, तेव्हा एक ताप गेला म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

बरं, ईदच्या दुसऱ्या दिवसाबद्दल आपण दोघीही बोललो नाही. मीच काढते.

शेजारच्या उम्म कर्रारनं फाटकातून हाक मारली, "अगं उम्म जवाद, अगं जवादच्या आई, आहेस का घरात?" तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "आले!" आणि मी ओसरीवरून म्हणाले, "आले!" ती कपाळाला हात लावून हसली. "बया! एका हाकेला दोघी? मला दोन वाळलेली लिंबं हवी होती, बायका नकोत!" तू लिंबं आणायला आत गेलीस ती बराच वेळ बाहेर आली नाहीस.

ताई, मला तुझा राग आला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आला. पण हीच बाई इतकी वर्षं तुला 'उम्म गाएब' म्हणायची. जे लेकरू अजून यायचंय, त्याची आई. मानानंच म्हणायची, पण ती गेल्यावर तू दार किती जोरात लावायचीस ते मी पाहिलंय.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर भाऊजी म्हणाले, "रगद, तू बावीस वर्षांची पोर. उद्या तुझं लग्न होईल. नवा माणूस दुसऱ्याचं मूल सांभाळेल का? जवाद इथंच राहू दे. मी होईन त्याचा बाप. तू येत-जात राहा, मावशी येते तशी." भाऊजी वाईट माणूस नाहीत. पण मी तुझ्याकडे बघत होते. तू काहीतरी बोलशील म्हणून वाट बघत होते. तू चहाचे पेले विसळत होतीस, विसळलेलेच पुन्हा विसळत होतीस.

आमच्या कॉलेजात बुशरा म्हणून एक मुलगी आहे, नासिरियाची. तिला जुळ्या मुली, नवरा सैन्यात. तिनं कॉलेजच्या मागे एक खोली घेतलीय. तिचे तास सकाळी, माझे प्रयोग दुपारी. एक शिकायला गेली की दुसरी पोरं सांभाळणार. ती म्हणते, "तीन पोरं रडली काय नि दोन रडली काय, झोप तशीही होत नाही." माझं सामान उद्या तिकडे नेतेय.

गुरुवारी दुपारी मी अमाराला पोचते. शनिवारी जवादला घेऊन निघेन.

लिहिलं एकदाचं. तू म्हणशील, परीक्षा तोंडावर आलीय, वेडी झालीस का. झालेय. तू म्हणशील, शिक्षण पुरं होऊ दे, मग ने. तोवर तो पाच वर्षांचा होईल आणि मी खरंच मावशी होईन. नापास झाले तर पुन्हा बसता येतं. हे पुन्हा करता येणार नाही.

तो माझ्याकडे येणार नाही, मला माहीत आहे. ईदला मी हात पुढे केले तर त्यानं तुझ्या मानेत तोंड लपवलं. ओढून नेला तर बसऱ्यापर्यंत रडेल, आणि त्या रडण्यात मी कोण हे त्याला कधीच कळायचं नाही. म्हणून एवढं मागते. त्या दिवशी त्याला झोपवून ठेवू नकोस. भाऊजींच्या हाती सोपवून गच्चीवर निघून जाऊ नकोस. तू स्वतः त्याला उचल आणि माझ्या कडेवर दे. तू दिलंस तर तो येईल. तुझ्या हातून तो कडू औषधसुद्धा गिळतो.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तू सासरी जाताना मला बरोबर घेऊन गेलीस. माझ्या उवा तू काढल्यास, पाढे तू घोकून घेतलेस, या कॉलेजसाठी भाऊजींशी तू भांडलीस. बायका तुला 'उम्म गाएब' म्हणायच्या, तेव्हा तुझ्या अबायाचं टोक धरून मी तिथंच उभी असायचे. 'उम्म रगद' म्हणावं असं एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही.

गुरुवारी दार तूच उघड.

तुझं पहिलं लेकरू,
रगद