‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

दिनांक २ ऑगस्ट. हा कागद मी वर्षभर टाळला. वकीलबाईंनी आठवण करून करून शेवटी फोन करणंच सोडलं. आधी त्यांची माफी मागते. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे, आता टाळून भागणार नाही.

मी, वय शेहेचाळीस, धंद्यानं फोटोग्राफर, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणण्याचं काम आयुष्यभर मीच केलं.

एक. स्टुडिओ, वरची खोली आणि बँकेत उरेल ते भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला. तिनं फोटोग्राफी शिकावी अशी अट नाही. इस्त्रीचं दुकान काढलं तरी माझी हरकत नाही.

दोन. कॅमेरे आणि दिवे चौकातल्या फोटोग्राफरला. ‘तिच्याकडे रडके फोटो निघतात’ असं तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगत आला. खोटं नव्हतं. माझी पद्धतच तशी: हनुवटी वर, खांदे सैल, जरा हसा, दोनचार फोटो काढायचे आणि ‘झालं’ म्हणायचं. सुटलो, असं वाटून माणूस चेहरा सैल सोडतो. बटण तेव्हा दाबायचं.

तीन. भावाला स्टुडिओतली हातांची खुर्ची. हात कुठे ठेवावेत हे त्याला कधी कळलं नाही.

चार. वहिनीचा फोटो.

ती ओळखपत्राच्या फोटोसाठी आली होती. भाऊ दारात उभा होता. मी ‘झालं’ म्हटलं, तिचं हसू उतरलं आणि तिनं दाराकडे पाहिलं. त्या नजरेतली भीती मला दिसली. मी काय पाहिलं? गालावर उजेड किती छान पडलाय ते. फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावला.

“वन्सं, तेवढा उतरवा ना. लोक विचारतात.”

“बोलका फोटो आहे, वहिनी. तुमच्याच बाजूनं बोलतोय.”

बाजू घ्यायची तर भावाशी बोलता आलं असतं. तोंड मला होतं. ते न उघडता मी तिचा चेहरा पुढे केला. तेव्हापासून बाजाराला जाताना ती वळसा घालून पलीकडच्या रस्त्यानं जाते. पुढे मुलीला घेऊन ती वेगळी राहिली, ते स्वतःच्या हिमतीवर. श्रेय मात्र मनातल्या मनात मी घेत राहिले. फोटो अजून काचेतच आहे.

~~माझ्या मृत्यूनंतर हा फोटो, त्याच्या सर्व प्रती व मूळ फाइल वहिनीच्या स्वाधीन कराव्यात.~~

वरचं वाक्य रद्द. आज दुपारी मी ते तिला फोनवर वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर ती विरघळेल असं वाटलं होतं.

“म्हणजे वन्सं, आता तुम्ही जायची वाट बघत बसू?”

“तसं नाही हो, वहिनी.”

“तसंच आहे. तेव्हाही तुम्ही झालं म्हणालात, आणि झालं नव्हतंच.” मग जरा थांबून, “ऑपरेशनला सोबत कोण आहे?”

“रिक्षा सांगून ठेवली आहे,” मी म्हटलं.

फोटो आज संध्याकाळी काचेतून काढला. साक्षीला आलेल्या फ्रेमवाल्यानं विचारलं, “मग तिथं आता काय लावणार?” काही नाही, म्हटलं. तो म्हणाला, “काच तरी पुसा.”

खाडाखोड माझ्याच हातची आहे. बाजूला तिघांच्या सह्या आहेत.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली.
सही: लिहिणारी.
आमच्यासमोर सही केली: शेजारचा फ्रेमवाला, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई.

उद्या: वहिनीला विचारून, ती म्हणेल त्या वेळी, फोटो तिच्या दारात नेऊन देणे. कॅमेरा घरी ठेवून.