जाळीची तार

सोमवार, ४ मार्च
सुपरवायझरच्या कानाखाली वाजवली — सगळ्या शेडसमोर! धाकट्या बहिणीची तीन बोटं पत्रा ठोकायच्या प्रेसखाली जाऊन पाच दिवस झाले, आणि हा मला म्हणतो, तिचं मशीन नीट पुसून घे, नग डागाळतात. शेजारच्या दोघींनी मला मागे ओढलं, नाहीतर त्याचे दातच घशात घातले असते.

मंगळवार, ५ मार्च
कामावरून काढलं नाही. नवलच!

गुरुवार, ७ मार्च
कॉलेजातल्या एक बाई आल्या. गरिबी का हटत नाही, याचा अभ्यास करतात. कागद पुढे केला — हात आत जाऊ नये म्हणून लावलेली प्रेससमोरची जाळी तुम्ही तारेने वर का बांधून ठेवता? अज्ञान, आळस, सवय, नाइलाज. एकावर खूण करा.

म्हटलं, जाळी दर ठोक्याला खाली येते, वर जाते. तेवढ्यात शेजारणीचे दोन नग होतात. नग कमी पडले की दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत. हे कुठल्या चौकटीत बसवू? बाई म्हणाल्या, काही तज्ज्ञ म्हणतात गरीब माणूस उद्याचा विचारच करत नाही. काही म्हणतात दोष माणसाचा नाही, कामाच्या पद्धतीचा. मी विचारलं, तुमचं काय मत? तर म्हणे अजून ठरलेलं नाही! त्यांचं पेन मोडून त्यांच्याच अंगावर फेकलं. बाई तशा वाईट नव्हत्या.

शनिवार, ९ मार्च
धाकटीला वेणी घालता येईना. तांब्या भिंतीवर आपटला. मी घालायला गेले, तर मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. मी हात सोडवून घेतला नाही.

सोमवार, ११ मार्च
मला का ठेवलंय ते आज कळलं! शेजारच्या मशीनवर मीच होते ना, म्हणून साक्ष माझी हवी. कागदावर लिहिलंय — जाळी तिने स्वतःच बांधली. मी सही केली की तिची भरपाई बुडाली. "सही कर, थप्पड विसरतो," सुपरवायझर म्हणाला. नाही केली तर उद्यापासून घरी. घरात आता कमावते हात माझेच.

मंगळवार, १२ मार्च
सही केली नाही. कागदाच्या मागे खरं लिहून दिलं. धाकटी जाळी न बांधताच काम करायची. नग कमी पडत होते. तिला काढतील या भीतीने त्या सकाळी तार मी बांधली.

शनिवारी चावल्यावर ती काय म्हणाली, ते इथे लिहायची छाती झाली नव्हती.

"ताई, गाठ तुझी होती. मी ओळखली."